अठराशे रुपयांची हातमाग पैठणी

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या प्रत्येक दुकानावर ‘असली’ लिहिलेलं असतं. बाहेरून आलेला माणूस पाट्या वाचून गोंधळतो. आम्ही इथले लोक हसतो आणि आपल्या ठरलेल्या दुकानात जातो. चिक्कीच्या बाबतीत ही गंमत चालून जाते. पण भुशी डॅमची गर्दी सुरू झाली की गावात आणखी एक पाटी लागते. एखादा हॉल भाड्याने घेतलेला असतो आणि दारावर फ्लेक्स: भव्य हातमाग महोत्सव, अस्सल हातमाग पैठणी फक्त 1,800 रुपयांत, विणकरांच्या हाताला काम द्या. ही पाटी वाचून कुणी हसत नाही. उलट बायका आत जातात, दोन-दोन साड्या घेतात आणि एका गरीब विणकराचं घर चालवल्याचं समाधान घेऊन बाहेर येतात.

मी म्हणते, ही पाटी म्हणजे चोरी आहे. गिऱ्हाइकाची तर आहेच, पण त्याहून जास्त विणकराची. त्याच्या हाताचं नाव चोरायचं, ते मशीनच्या कापडाला चिकटवायचं आणि वर त्याच्याच गरिबीच्या नावाने गिऱ्हाईक बोलवायचं. खिसेकापू निदान ज्याचा खिसा कापतो त्याच्या नावाने वर्गणी गोळा करत नाही.

मी गणिताची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. पण हे गणित भाषेच्या शिक्षिकेलाही जमतं. साधी, पदरावर फार काम नसलेली पैठणी हातमागावर उतरवायला एका माणसाचा एक महिना जातो असं धरू. भरगच्च पदराची असेल तर सहा महिने लागतात, कधी वर्षही जातं. आपण महिनाच धरू. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 297 रुपये होता. म्हणजे कुठलंही खास कसब नसलेल्या, उन्हात माती उचलणाऱ्या माणसाला सरकार निदान एवढं द्यायला तयार होतं. तीस दिवसांचे झाले 8,910 रुपये. ही फक्त मागावर बसणाऱ्याची मजुरी झाली. कांड्या भरणारी बायको, ताणा लावायला मदत करणारा भाऊ यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. रेशीम अर्धा किलो तरी लागतं आणि किलोचा भाव काही हजारांत आहे. मग जर, रंगाई, व्यापाऱ्याचं कमिशन, हॉलचं भाडं, फ्लेक्सचा खर्च.

आता सांगा, 1,800 रुपयांत हे सगळं कोण बसवून देतो? दोनच शक्यता आहेत. एक तर ती साडी हातमागावरची नाही. नाहीतर ती हातमागावरची आहे आणि कुणीतरी विणकराला महिनाभर फुकट राबवलं आहे. पहिली शक्यता खोटेपणाची, दुसरी जुलमाची. तिसरी मला तरी दिसत नाही. शिक्षकांच्या खोलीत हे बोलले तेव्हा एक मॅडम म्हणाल्या, ‘सरकार सबसिडी देत असेल.’ एवढी सबसिडी मिळत असती तर मालेगावच्या माझ्या नात्यात आज एकतरी हातमाग चालू असता.

माझं माहेर मालेगावचं, बिरादरी मोमीन. लग्न होऊन मावळात आले त्याला आता वीस वर्षं होतील. आमचे पूर्वज उत्तरेकडून, आजमगढ-मऊच्या बाजूने आले. 1857 च्या बंडानंतर आणि पुढे दुष्काळांत जे विणकर आग्रा रोडने दक्षिणेकडे सरकत आले, त्यांतले काही बुऱ्हाणपूरला थांबले, काही धुळ्याला, पुष्कळसे मोसम नदीच्या काठी मालेगावात, काही पुढे भिवंडीपर्यंत गेले. नानीच्या घरात खड्डामाग होता. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली पावड्या, हातात धोटा. मला तो माग चालू असलेला आठवत नाही, खड्डा तेवढा आठवतो. नंतर तो बुजवला आणि त्यावर पाण्याची टाकी ठेवली. नाना विणकर होते असं सगळे सांगतात. नानी काय होती? ती पहाटे उठून कांड्या भरायची, सूत उकलायची, खळ लावायची, तुटलेले धागे जोडायची. तिला कुणी कधी विणकर म्हटलं नाही. 2019-20 च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात 35 लाख 22 हजार हातमाग कामगार मोजले गेले आणि त्यांत शंभरात बहात्तर बाया निघाल्या. सरकारी कागदावर का होईना, नानीची गणती झाली म्हणायची. तोवर ती कब्रस्तानात होती.

त्याच गणनेत आणखी एक आकडा आहे, तो या महोत्सववाल्यांच्या फ्लेक्सवर कधी छापलेला दिसणार नाही. तीनपैकी सुमारे दोन विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई 5,000 रुपयांच्या आत आहे. माणसाची नव्हे, अख्ख्या कुटुंबाची. 1995 च्या गणनेत हातमागावर साडेपासष्ट लाख लोक होते, 2009-10 मध्ये 43 लाख 31 हजार, आणि आता 35 लाख. लोक म्हणतात, कला लोप पावत आहे. ती काय संध्याकाळचा सूर्य आहे, आपोआप मावळायला? माणसं उठून गेली आहेत. पाच हजारांत घर चालत नाही म्हणून गेली आहेत.

खरी पैठणी कशी असते हे एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी आत जाल तेव्हा उपयोगी पडेल. पदर उलटा करून पाहा. हातमागाच्या अस्सल पैठणीत पदरावरचा मोर, वेलबुट्टी जशी समोरून तशीच मागून दिसते. कारण तिथे प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवरून, जेवढ्या जागेत तो रंग आहे तेवढ्यापुरताच, बोटांनी गुंतवत नेलेला असतो. मशीनचा धागा रिकाम्या जागेत मागून लोंबत जातो, किंवा तो कापून टाकलेला असतो आणि कापलेली टोकं हाताला लागतात. काठ आणि अंग यांचा सांधा पाहा. हातमागावर काठाचा धागा वेगळ्या धोट्याने येतो आणि अंगाच्या धाग्यात अडकवलेला असतो. मग लेबल मागा. 2006 पासून केंद्र सरकारचा ‘हँडलूम मार्क’ आहे आणि रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ वेगळा. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. विक्रेता म्हणाला की ‘ताई, लेबल काय करायचंय, माल बघा’, तर मालच बघा, पण उलटा करून.

बाजारात ‘सेमी पैठणी’ नावाचा एक शब्द आहे. हा शब्द मला आवडतो. निदान अर्धं तरी खरं बोलतो. जी बाई 1,800 ची सेमी पैठणी सेमी म्हणून घेते आणि हौसेने नेसते, तिच्याशी माझं काही भांडण नाही. मीही नेसले आहे, स्टाफच्या गॅदरिंगला. भांडण आहे ते ‘सेमी’ शब्द गिळून टाकणाऱ्याशी.

मावळातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार लांब जावं लागू नये. इंद्रायणी तांदूळ आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून निघाला. नाणे मावळात, पवन मावळात, आंदर मावळात चिखलात वाकून लोक तो पिकवतात. आज मुंबई-पुण्यात दिसेल त्या पोत्यावर ‘इंद्रायणी’ लिहिलेलं असतं आणि आत कुठला तांदूळ असतो ते भात शिजल्यावर कळतं. यावर आपले शेतकरी केवढे चिडतात! बरोबरच आहे चिडणं. नाव आमचं, घाम आमचा, पैसा दुसऱ्याचा. मग त्याच शेतकऱ्याच्या घरात लग्नाला अठराशेची ‘हातमाग’ पैठणी येते तेव्हा येवल्याच्या विणकरानेही तेवढंच चिडायला हवं की नको?

आता दुसरी बाजू. ती टाळून पुढे गेले तर माझेच मालेगावचे नातेवाईक मला घरात घेणार नाहीत. भाऊ म्हणतो, ‘आपा, तुमचा हातमाग सुंदर आहे, पण आमचं पोट सांच्यावर आहे.’ मालेगावात यंत्रमागाला सांचा म्हणतात. 1930 च्या दशकात तिथे यंत्रमाग येऊ लागले आणि दोन पिढ्यांत हातमाग संपले. कुणी बाहेरच्या शत्रूने संपवले नाहीत, विणकरांनी स्वतःच माग बदलले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांनी देशाला स्वस्त कापड घातलं. बारा-बारा तासांच्या पाळ्या, कानठळ्या बसवणारा खडखडाट, छातीत जाणारी रुई, मीटरवर मजुरी. सांच्यावरचा मजूर काही सुखात नाही. त्याचं कापड वाईट आणि हातमागाचं पवित्र असं मी कधी म्हणणार नाही. गरिबाला अंग झाकायला स्वस्त कापड हवं आणि ते मशीनच देणार.

पण म्हणूनच नाव खरं लावलं पाहिजे. यंत्रमागाने स्वतःच्या नावावर विकावं, ताठ मानेने विकावं. हातमागाचा बुरखा घालून विकलं की दोन विणकर एकमेकांचा गळा कापतात आणि बहुतेक वेळा दोघेही एकाच बिरादरीचे, कधी एकाच घरचे असतात. एकाचा सांचा, दुसऱ्याचा माग. मधला व्यापारी दोघांनाही कमी देतो.

यासाठी कायदाही आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 1985 साली संसदेने हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवण्याचा कायदा केला. त्या वस्तू यंत्रमागावर विणायच्या नाहीत. सुरुवातीला अशा 22 वस्तू होत्या. गिरणी आणि यंत्रमागवाले कोर्टात गेले, 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पण नंतर सरकारनेच यादी कापून 11 वर आणली. त्या अकरांत विशिष्ट प्रकारची साडी आहे, धोतर, लुंगी, चादर, सतरंजी, शाल आहे. कायदा पुस्तकात जिवंत आहे. बाजारात त्याचं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. ज्या कायद्याखाली कुणाला पकडल्याची बातमी आपण आयुष्यात वाचलेली नाही, त्या कायद्याला व्यापारी घाबरेल कशाला?

सरकारचं बाकीचं थोडक्यात सांगते. 2015 पासून 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. 1905 साली त्या तारखेला कलकत्त्यात स्वदेशी चळवळ सुरू झाली, त्याची ही आठवण. स्वदेशीची ती हवा आपल्या मावळातही आली होती. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना, 1908 चा, त्याच हवेतला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून कारखाना उभा केला, भाषणं करून नव्हे. आणि आता? 27 जुलै 2020 ला केंद्राने अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं आणि अकरा दिवसांनी हातमाग दिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्या मंडळाने फार दिवे लावले होते असं नाही, पण विणकर निदान तिथे बसून तक्रार करू शकत होता. राज्याच्या 2023 च्या वस्त्रोद्योग धोरणात हातमाग विणकराला उत्सव भत्ता आहे. त्याच धोरणात अंत्योदय कुटुंबाला वर्षाला एक साडी द्यायची योजनाही आहे, ती साडी यंत्रमागाची. सरकार स्वतः लाखो साड्या विकत घेतं आणि हातमागाला भत्ता देतं. ऑर्डर एकाला, ईदी दुसऱ्याला.

आणि झेंडा. डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली. तोपर्यंत राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच हवा असा नियम होता. आता मशीनचा पॉलिस्टरचाही चालतो. पुढच्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा आला तो बहुतेक पॉलिस्टरचाच. आपल्याच नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, ‘मग आपल्या शाळेचा झेंडा तिथला आहे का, टीचर?’ मी कपाट उघडून पाहिलं. नव्हता.

इतका वेळ व्यापारी आणि सरकार झालं. आता जरा आपल्याकडे वळू. हा ब्लॉग वाचणाऱ्यांत आपलेच लोक जास्त आहेत, आणि दुसऱ्यांना बोल लावून झाल्यावर चहा घ्यायला उठायची आपली सवय मला ठाऊक आहे.

‘जुलाहा’ हा शब्द आपल्या घरांत कसा वापरला जातो ते आठवून पाहा. मूर्ख माणसाला जुलाहा म्हणतात. ‘जुलाहे की अक्ल’ ही म्हण मी चांगल्या शिकलेल्या, पाच वेळच्या नमाजी लोकांच्या तोंडून ऐकली आहे. रिश्ता पाहताना खानदान विचारतात आणि ‘मोमीन’ ऐकल्यावर चेहरा किती बदलतो तेही मी पाहिलं आहे. इस्लाममध्ये जातपात नाही असं जुम्याच्या बयानात ऐकायचं आणि घरी येऊन शेख-सय्यद मोजत बसायचं. महाराष्ट्रात जालन्याच्या शब्बीर अहमद अन्सारींसारख्या लोकांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा कुठे या कसबी जातींना सरकारदरबारी आपलं नाव सांगता आलं. ज्या माणसाला तुम्ही जेवायला शेजारी बसवायला कचरता, त्याची ‘कला’ वाचवायला महोत्सवात जाता, हे मला समजत नाही.

आणि त्याची अक्कल पाहायची असेल तर औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जा. तिथल्या हिमरूची मुळं दौलताबादपर्यंत नेतात. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा विणकरही आले असं सांगतात. हिमरूत ताणा सुताचा आणि नक्षी रेशमाची. थंडीत ऊब, दिसायला किनखाबाच्या जवळ. त्याच्या शेजारचं कापड म्हणजे मशरू. पुरुषाला निव्वळ रेशीम मना आहे, हे आपल्याला माहीत आहे. पण दरबारी माणसाला रेशमाची झळाळी तर हवी. विणकराने काय केलं? कापड असं विणलं की रेशीम सगळं वर आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. नावच मशरू, शरियतेने परवानगी दिलेलं. एका मागावर बसून एका माणसाने दीन आणि हौस यांचा असा मेळ घातला, आणि त्याच्या अकलेवर आपण म्हणी करतो! आज त्या शहरात हातावर हिमरू विणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. दुकानं मात्र भरपूर आहेत. अजिंठा-वेरूळचा पर्यटक हिमरूची शाल म्हणून काय घेऊन जातो, ते त्याने उलटी करून पाहावं.

बाजारात भेसळ आणि खोटं माप याबद्दल आपल्याला कुणी नवीन सांगायची गरज नाही. सूरह मुतफ्फिफीन लहानपणी पाठ केलेली असते. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आतलं धान्य ओलं निघालं, आणि विकणाऱ्याला त्यांनी तिथेच जाब विचारला, ही गोष्ट मदरशातलं पोरही सांगेल. मग ‘हातमाग’ म्हणून विकलेला मशीनचा माल हा वेगळा काय ढीग आहे? वर कोरडा, आत ओला. तो विकणारा आपला असला तर हलाल होतो का? आणि घाम वाळायच्या आत मजुरी देण्याची जी ताकीद आपण दर महिन्याला ऐकतो, ती विणकरालाही लागू आहे. येवला असो की बनारस, बहुतेक विणकर स्वतःचा माल विकत नाही. मालक रेशीम आणि जर देतो, साडीमागे मजुरी ठरवतो, अडचणीला आगाऊ पैसे देतो आणि मग ते फिटेपर्यंत मजुरीतून कापत राहतो. घाम वाळतो, नवा येतो, तोही वाळतो.

लग्नाचा हिशेब तर विचारूच नका. मावळातल्या मध्यमवर्गीय निकाहमध्ये आज हॉल, डेकोरेशन, दोन दिवसांचं जेवण, ड्रोनने शूटिंग हे सगळं बिनबोभाट होतं. नवरीच्या जोड्यावर चाळीस-पन्नास हजार जातात. तो जोडा मशीनच्या जरीचा, चिकटवलेल्या खड्यांचा, आयुष्यात एकदा नेसायचा. पण येवल्याचा विणकर वीस हजार म्हणाला की आपण लगेच म्हणतो, ‘बापरे, लुटतात नुसते!’ ड्रोनवाल्याशी कुणी घासाघीस करत नाही.

हे बोलले की लोक मला विचारतात, मग काय, सगळ्यांनी वीस हजारांची साडी घ्यायची? नाही हो. मी स्वतः शिक्षिका आहे, पगार मलाही माहीत आहे. परवडत नसेल तर घेऊ नका. सेमी घ्या, सुती घ्या, सांच्याची घ्या, आणि तिला तिच्या नावाने बोलवा. हातमागाचंच काही घ्यायचं असेल तर रुमाल, टॉवेल, सोलापूरच्या बाजूची चादर, खादीचा कुर्ता, असं खिशाला झेपेल ते घ्या. फक्त अठराशे देऊन कुणाचं घर चालवल्याचं समाधान घेऊ नका. ते समाधान त्या पैशात बसत नाही.

आपल्या कार्ल्याच्या लेण्यांत एकविरेच्या दर्शनाला आलेली माणसं रोज जातात. तिथे भिंतीवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इथल्या भिक्खूंसाठी त्याने एक गाव दान दिलं. याच उषवदाताचा आणखी एक लेख नाशिकच्या लेण्यांत आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथल्या भिक्खूंच्या वस्त्रांची आणि किरकोळ गरजांची सोय व्हावी म्हणून त्याने 3,000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. कुणाकडे ठेवले? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे 2,000, महिना शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे 1,000, शेकडा पाऊण व्याजाने. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी राजघराण्यातला माणूस विणकरांना बँक समजत होता. ते पैसे बुडवणार नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या व्याज देत राहतील, अशी त्यांची पत होती. आणि आज विणकर बँकेत कर्ज मागायला गेला तर त्याच्याकडे आधी जामीनदार मागतात. तो मुळात दयेचा विषय कधी नव्हता, आपण त्याला केला.

म्हणून मला त्या दुसऱ्या प्रकारच्या कार्यक्रमाचाही राग येतो. लोणावळ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारी असा कार्यक्रम पाहिला. लॉनवर एक माग मांडलेला, त्यावर एक वयस्क गृहस्थ बसलेले, आणि पाहुणे येऊन त्यांच्यासोबत फोटो काढत होते. मुलं धोटा फेकून पाहत होती. निवेदिका सांगत होती की ही कला जिवंत राहिली पाहिजे. मी त्या चाचांना विचारलं, मुलं काय करतात? एक पोरगा भिवंडीला गोदामात, दुसरा रिक्षा चालवतो. ‘मी बोलावलं तरी येणार नाहीत आणि मी बोलावणारही नाही,’ असं ते हसून म्हणाले. ढाक्याच्या विणकरांचे अंगठे इंग्रजांनी कापले ही गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत. तिला भक्कम पुरावा नाही. पण विल्यम बोल्ट्‌स नावाच्या, स्वतः कंपनीच्या नोकरीत राहिलेल्या माणसाने 1772 मध्ये लिहून ठेवलं आहे, की बंगालमध्ये रेशीम उकलणाऱ्यांनी जबरदस्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःचेच अंगठे कापून घेतले. चाचांचं ते हसणं बघून मला तेच आठवलं. जिवंत कुणी राहायचं, कलेने की चाचांच्या घराने, याचं उत्तर निवेदिकेकडे नव्हतं. त्या दिवशी त्यांना किती मिळाले ते मी विचारलं नाही. रिसॉर्टच्या एका रात्रीच्या खोलीपेक्षा कमीच असणार.

आमच्या भाचीचा निकाह डिसेंबरात आहे. तिच्यासाठी घरच्यांशी चार दिवस वाद घालून येवल्याला एकच पैठणी सांगितली, दुकानात नाही, विणणाऱ्याच्या घरी. त्याने अर्धे पैसे आधी मागितले, ते दिले. तारीख विचारली तर म्हणाला, नोव्हेंबरच्या आधी नाही. भाची म्हणाली, ‘खाला, रंग तरी बदलून मिळेल का?’ ताणा लागला होता, त्यामुळे नाही मिळणार. पैसे बसवायला जेवणातल्या दोन देगा कमी कराव्या लागल्या. मुलाकडच्यांना अजून सांगितलेलं नाही.